दत्त चौकातलं जपान

यवतमाळच्या दत्त चौकात चहाचे पैसे देताना फोन तिरपा धरा नाहीतर उलटा, क्यूआर कोड वाचला जातोच. करामत आहे तीन कोपऱ्यांतल्या चौकोनांची. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांसाठी हा कोड तयार केला. कल्पना सुचली ती 'गो' या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या खेळावरून! चौकोनांतल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं १:१:३:१:१ हे प्रमाणही मुद्दाम निवडलेलं. ढीगभर छापील कागद तपासले आणि जे प्रमाण सगळ्यात कमी सापडलं तेच घेतलं, म्हणून आजूबाजूच्या मजकुरात कॅमेरा फसत नाही.

आता स्टेशनरीच्या दुकानात चला. कटरचं पातं बोथट झालं की टोक मोडायचं, पुन्हा नवी धार! ओसाकाच्या छापखान्यात काम करणाऱ्या योशिओ ओकादांना हे १९५६ साली सुचलं, फुटक्या काचेची धार आणि खाचांवर तुटणारं चॉकलेट पाहून.

भाताचा इलेक्ट्रिक कुकर १९५५चा, तोशिबाचा. तो घडवला योशितादा मिनामी यांनी. पण खरी परीक्षा घेतली पत्नी फुमिको यांनी, घरात भातामागून भात लावून. युक्ती किती साधी! आत एक भांडं, बाहेर एक. बाहेरच्यात मोजून पाणी. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांवर जात नाही. ते आटलं की पारा चढतो, दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि बटण आपोआप बंद. शिट्ट्या मोजणं नाही, राखण करणं नाही. माझ्या मते स्वयंपाकघरातलं हे सगळ्यात हुशार यंत्र.

किक्कोमानची सोया सॉसची लाल टोपणाची बाटली १९६१ची. केंजी एकुआन यांनी तिच्यासाठी शंभरएक नमुने केले. तोटीचं टोक आतल्या बाजूला उतरतं कापलं आणि ओघळ थांबला. तेलाच्या बुधलीखाली फडकं ठेवणाऱ्या प्रत्येकाला याचं मोल कळेल.

मला सगळ्यात जवळची वाटते ती शाम्पूच्या बाटलीवरची खूण. डोळ्यांत फेस गेलेला असताना शाम्पू कोणता, कंडिशनर कोणतं? अंधांना तर हा प्रश्न रोजचाच. काओ कंपनीने १९९१ साली शाम्पूच्या बाटलीच्या कडेला उंचवट्याच्या रेघा दिल्या, बोटाला लगेच कळतील अशा. शिवाय इतर कंपन्यांनाही ही खूण वापरू दिली. आपल्याकडच्या उत्पादकांनो, एवढ्या चार रेघा प्रत्येक शाम्पूच्या बाटलीवर आणाच.