'लवकर' म्हणजे 'सून' की 'क्विकली'?

आपल्या घरांत मराठी बोलली जाते, उर्दू आणि दखनीही बोलली जाते. 'लवकर ये' म्हणा की 'जल्दी आ', एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात. एक, थोड्याच वेळात. दुसरा, झटपट, वेगाने. इंग्रजीत मात्र यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: 'सून' आणि 'क्विकली'. मुलांच्या निबंधात आणि तरुणांच्या मुलाखतीत इथेच गडबड होते.

'सून' वेळ सांगतो. त्याला प्रश्न विचारायचा 'कधी?'. 'क्विकली' काम करण्याची रीत सांगतो. त्याला प्रश्न 'कसं?'.

समजा, गॅरेजवाला म्हणाला, 'आय विल रिपेअर इट सून'. म्हणजे गाडी थोड्याच दिवसांत दुरुस्त होईल, मग त्या कामाला तास लागो की अख्खा दिवस. तोच म्हणाला, 'आय विल रिपेअर इट क्विकली', तर हातात घेतल्यावर तो काम पटकन उरकेल. पण हातात कधी घेणार, ते त्याने सांगितलेलंच नाही!

नोकरीच्या मुलाखतीत हा फरक महाग पडू शकतो. 'मी काम लवकर शिकतो' हे सांगायला 'आय लर्न क्विकली' म्हणावं. त्याऐवजी 'आय विल लर्न सून' म्हटलं, तर समोरच्याला कळतं ते एवढंच, की याला अजून येत नाही, पुढे कधीतरी शिकेल. कामावर कधी रुजू होणार, असं विचारलं तर मात्र 'सून' बरोबर. आजारी माणसालाही आपण 'गेट वेल सून' म्हणतो.

घाईच्या प्रसंगी दोन्ही अर्थ जवळ येतात. कुणी पडलं, लागलं, तर 'कम क्विकली' अशी हाक मारली जाते. तिथे वेगही हवा असतो आणि वेळही दवडायचा नसतो.

आम्ही सुचवतो ती युक्ती सोपी आहे. इंग्रजीत लिहिण्याआधी 'लवकर'च्या जागी 'थोड्याच वेळात' घालून पाहा. वाक्य जुळलं तर 'सून'. 'झटपट' जुळलं तर 'क्विकली'. दोन्ही जुळत नसतील, तर बहुधा तिसरा शब्द हवा, 'अर्ली'.

आज मुलांना ही तीन वाक्यं विचारा. 'बस लवकरच येईल': सून. 'तिने गणित लवकर सोडवलं': क्विकली. 'सकाळी लवकर उठ': अर्ली.