नोंदी शंभर असोत की शंभर अब्ज, वेग तोच

एका टेबलात शंभर नोंदी आहेत, दुसऱ्यात शंभर अब्ज. दोन्हींतून एकेक नोंद मागितली, तर कुठलं उत्तर आधी येईल? ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या क्लाउड डेटाबेसमध्ये दोन्ही उत्तरं सारख्याच वेळात येतात, आणि तो वेळ सहसा दहा मिलिसेकंदांहून कमी असतो. २०२१ च्या ‘प्राइम डे’ सेलमध्ये ॲमेझॉनच्याच यंत्रणा ६६ तास या डेटाबेसवर तुटून पडल्या होत्या. ऐन गर्दीत सेकंदाला ८ कोटी ९२ लाख विनंत्या येत होत्या. तरीही वेग ढळला नाही.

वेगवान यंत्रं पुष्कळ आहेत. मला नवल वाटतं ते या एकसारखेपणाचं. पसारा वाढला की शोधायला वेळ लागतो, हा आपला रोजचा अनुभव. तो इथे खोटा कसा ठरतो?

गोष्ट सुरू होते २००४ च्या नाताळात. सणाच्या खरेदीचा भार ॲमेझॉनच्या तेव्हाच्या डेटाबेसना पेलेना, आणि सेवा अधूनमधून बंद पडू लागली. अभियंत्यांनी मग आपल्याच वापराचा हिशेब मांडला. सुमारे ७० टक्के वेळा ‘या क्रमांकाची एक नोंद द्या’ एवढंच मागणं होतं. आणखी २० टक्के वेळा एकाच टेबलातल्या काही ओळी हव्या असायच्या. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत वाटेल त्या टेबलांची जोडणी करून वाटेल तो प्रश्न विचारता येतो. ही ताकद मोठी खरी, पण इथे ती क्वचितच लागत होती आणि तिची किंमत मात्र सतत मोजावी लागत होती. या विचारातून ‘डायनॅमो’ ही प्रणाली घडली. तिचा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जानेवारी २०१२ मध्ये डायनॅमोडीबी सर्वांसाठी खुली झाली. सर्व्हर बसवणं, डिस्क बदलणं, प्रती सांभाळणं ही सगळी कामं तिथे सेवा देणाऱ्याची.

आता आत डोकावू. प्रत्येक नोंदीला एक पार्टिशन की असते, समजा ग्राहक क्रमांक. तो एका गणिती सूत्रातून, म्हणजे हॅशमधून जातो आणि नोंद कुठल्या कप्प्यात आहे ते लगेच ठरतं. पत्रावरचा पिनकोड पाहून ते थेट त्या त्या पोस्टाकडे रवाना व्हावं, तसं. देशात घरं किती आहेत, याच्याशी त्या पत्राला काही देणंघेणं नसतं. हा कप्पा, म्हणजे पार्टिशन, साधारण १० जीबीचा असतो. टेबल वाढलं की कप्पे आपोआप वाढतात. शोधायची जागा मात्र नेहमी एका कप्प्याएवढीच राहते.

प्रत्येक कप्प्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरांमध्ये ठेवलेल्या असतात. मुंबईत ॲमेझॉनचं क्लाउड केंद्र २०१६ पासून आहे. तिथे लिहिलेली नोंदही अशीच तीन ठिकाणी जाते. तिघांपैकी दोघांकडे ती पक्की उतरली, की मगच ‘झालं’ असं उत्तर मिळतं. एखादी प्रत निकामी झाली तर तिची पूर्ण नक्कल उभी करायला काही मिनिटं लागतात. तोवर फक्त ताज्या बदलांची वही सांभाळणारी एक हलकी प्रत काही सेकंदांत उभी केली जाते आणि दोघांचं बहुमत टिकतं. हे नियम अभियंत्यांनी गणिती भाषेत मांडून संगणकाकडून तपासून घेतले. तेव्हा एक चूक सापडली, जी ३५ पायऱ्या एका विशिष्ट क्रमाने घडल्या तरच प्रकट होणार होती. माणसांच्या तपासणीतून आणि चाचण्यांतून ती निसटली होती.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची युक्ती. कुठला कप्पा कुठल्या यंत्रावर आहे, याची यादी प्रत्येक राउटर, म्हणजे विनंती योग्य कप्प्याकडे पाठवणारं यंत्र, स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. तिथून ९९.७५ टक्के वेळा उत्तर मिळायचं. धोका होता तो यातच. नवे राउटर कोऱ्या स्मृतीने कामाला लागले, की मूळ यादीवर एकदम लोंढा यायचा. म्हणून यादीची व्यवस्था नव्याने रचली गेली. आता स्मृतीत उत्तर असलं तरी राउटर मूळ यादीकडे विचारणा करतोच. वरवर पाहता ही उधळपट्टी आहे. पण त्यामुळे मूळ यादीवर कायम सारखाच भार राहतो, आणि अवघड दिवशी नवं असं काहीच घडत नाही.

हीच शिस्त ॲप बांधणाऱ्यालाही पाळावी लागते. इथे टेबलांची जोडणी नाही, म्हणून प्रश्न आधी ठरवायचे आणि टेबल नंतर आखायचं. समजा, पुस्तकांचं ऑनलाइन दुकान आहे आणि ‘या ग्राहकाच्या शेवटच्या दहा ऑर्डरी’ हा नेहमीचा प्रश्न आहे. मग ग्राहक क्रमांक ही पार्टिशन की आणि ऑर्डरची तारीख ही सॉर्ट की. एका ग्राहकाच्या ऑर्डरी तारखेच्या क्रमाने शेजारी शेजारी राहतात आणि दहाही एका झटक्यात हाती येतात. आणि एखाद्या पुस्तकाची शेवटची प्रत दोघांनी एकाच क्षणी मागितली तर? ‘साठा शून्याहून जास्त असेल तरच एक कमी कर’ अशी अट घालून लिहिता येतं. दोघांपैकी एकाचंच लिहिणं यशस्वी होतं.

याउलट, आजची तारीखच पार्टिशन की केली, तर दिवसभराच्या सगळ्या ऑर्डरी एकाच कप्प्यावर आदळतात. एक कप्पा सेकंदाला एक केबीच्या हजार नोंदी लिहू शकतो. त्यापुढे तो नकार देतो, बाकीचे कप्पे रिकामे असले तरी. ॲपने मग थोडं थांबून, दर वेळी थांबण्याचा अवधी वाढवत पुन्हा विचारायचं असतं. नकार मिळतो म्हणूनच बाकीच्यांचा वेग टिकतो.

ही यंत्रणा अमर नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात दोन स्वयंचलित प्रक्रियांची शर्यत लागली आणि डायनॅमोडीबीच्या पत्त्याची डीएनएस नोंद रिकामी झाली. सेवेपर्यंत पोहोचायची वाटच पुसली गेली आणि जगभरातली अनेक ॲप कित्येक तास अडखळली. इतकी काळजी घेऊनही दोन प्रक्रियांचा एक क्रम नजरेतून सुटला होता.

तरीही माझं नवल ओसरत नाही. वाटेल तो प्रश्न विचारायची मुभा या डेटाबेसने आपण होऊन सोडली, आणि त्या बदल्यात उरलेल्या थोड्या प्रश्नांना कितीही पसाऱ्यात त्याच वेळात उत्तर देण्याची हमी मिळवली. यावर ॲप बांधायला बसाल, तेव्हा पहिली काही पानं टेबलांच्या चित्रांसाठी वापरू नका. वापरणारी माणसं काय काय विचारतील, आणि किती वेळा, तेच आधी लिहून काढा. ती यादी नीट जमली, तर टेबल आखणं हे उरलेलं सोपं काम आहे.