नदी ‘चांगली’ कधी ठरते?

युरोपीय संघाचा ‘जल आराखडा निर्देश’ २२ डिसेंबर २००० रोजी अमलात आला. नद्या, तलाव, खाड्या आणि किनाऱ्यालगतचा समुद्र यांची पर्यावरणीय प्रत तो पाच श्रेणींत मोजतो : उत्कृष्ट, चांगली, मध्यम, खराब, अतिखराब. नकाशात उत्कृष्ट निळी, अतिखराब लाल.

नुसत्या रासायनिक तपासणीवर इथे भागत नाही. मासे, तळाशी राहणारे किडे आणि गोगलगायी, पाणवनस्पती, शेवाळ या सगळ्यांची हजेरी घ्यावी लागते. माणसाची ढवळाढवळ जवळपास नसती, तर त्याच प्रकारच्या पाण्यात जे जीवन दिसले असते, त्याच्याशी तुलना करून ० ते १ असे गुणोत्तर निघते. ज्या घटकाची प्रत सर्वांत वाईट, तीच सबंध पाण्याची प्रत. नियम कडक आहे, पण रास्त आहे. मासे भरपूर आहेत म्हणून तळातले मरण झाकता येत नाही.

जर्मनीतील वेझर नदीचे पात्र खोल करण्याचा वाद युरोपीय न्यायालयात गेला. १ जुलै २०१५ च्या निकालानुसार एक जरी घटक एका श्रेणीने घसरला, तरी तो ऱ्हासच; एकूण श्रेणी कायम राहिली तरीही. अपवादाच्या कठोर अटी पूर्ण होत नसतील, तर अशा प्रकल्पाला परवानगी देता येत नाही.

‘चांगली’ श्रेणी गाठायची मूळ मुदत २०१५ होती, ती २०२७ पर्यंत लांबली. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार केवळ ३७ टक्के पृष्ठजलसाठे त्या श्रेणीत किंवा तिच्या वर आहेत.