आधी भाजलं, मग जस्त निघालं

उदयपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर जावर गाव आहे. तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींत विटांच्या जागी मातीच्या मुशी रचलेल्या दिसतात, आकाराने वांग्यासारख्या. मध्ययुगात याच मुशींतून जस्त निघत होतं. 1983 मध्ये बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांच्या पथकाला इथल्या भट्ट्या जागच्या जागी सापडल्या. तेव्हापासून कौतुक होतं ते मुशीचं. पण त्याआधीचं भाजण्याचं काम साधलं नसतं, तर मुशीत काहीच उतरलं नसतं.

जावरच्या खनिजात जस्त गंधकाशी बांधलेलं असतं. मुशीतला कोळसा जस्ताकडून ऑक्सिजन ओढून घेतो. गंधकापुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून खनिज बारीक फोडून भरपूर हवेत तापवायचं. गंधक वायू होऊन निघून जातो (आगकाडी ओढल्यावर नाकात झोंबतो तोच वास) आणि त्याच्या जागी ऑक्सिजन येतो. गंधक स्वतःही जळतो, त्यामुळे एकदा पेट घेतला की सरपण कमी लागतं. कौशल्य आहे ते आच सांभाळण्यात. ती कमी पडली तर गंधक आत राहतो. फार झाली तर कण एकमेकांना चिकटतात आणि हवा आत शिरत नाही. खनिज कार्बोनेटचं असेल तर एवढी हवाही लागत नाही. चुनखडीचा चुना होतो तसा नुसत्या उष्णतेनं कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाठ्यपुस्तकात याला निस्तापन म्हणतात.

भाजलेल्या चुऱ्याच्या गोळ्या करून मुशीत भरत, तोंडात काडी खोचत आणि छत्तीस मुशी भट्टीत उलट्या मांडत. मूस उलटी केली तरी काडीमुळे गोळ्या खाली पडत नसत. पुढे ती जळून गेली की वाफेला वाट मिळे. जस्त 907 अंशांना उकळतं. ही वाफ हवेत गेली की जळून पुन्हा भस्म होते, म्हणून तिला खाली थंड कप्प्यात उतरवत. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या संस्कृत ग्रंथात या वृंताक (म्हणजे वांग्याच्या आकाराच्या) मुषेचं वर्णन आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते कितीतरी नंतर, 1738 मध्ये.

आजच्या बहुतेक कारखान्यांतही जस्ताचं गंधकी खनिज आधी भाजतात. फरक इतकाच, की सुटणारा वायू धरून त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात.

उदयपूरला गेलात तर जावरच्या त्या भिंती जरूर पाहा. आठवण म्हणून एखादी मूस मात्र उचलून आणू नका.