अशील तेच, सभागृह वेगळे

1934 साली मुंबईच्या न्यायालयात र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी सरळ उत्तरे दिली होती, एवढाच गुन्हा. वकीलपत्र घेतले बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी. विषय लैंगिक आहे म्हणून लिखाण अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा. न्यायाधीशांना तो पटला नाही आणि कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

निकाल लागला की वकिलाने कागद बांधून ठेवावेत, अशी रीत. बाबासाहेबांनी ते बांधले नाहीत. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या बाजूने ठराव मांडला. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण रोहमांनी वाचून दाखवले. बाळंतपणाच्या कळा बाईने सोसायच्या, तेव्हा मूल हवे की नको हेही तिनेच ठरवायचे, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. ठरावाच्या बाजूने 11 मते पडली, विरुद्ध 52. न्यायालयात पडलेली बाजू सभागृहातही पडली. पण चार वर्षांनंतर, दुसऱ्या ठिकाणी, ती पुन्हा उभी राहिली होती हे मला फार मोलाचे वाटते.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला 1927 ते 1939 हा आमदारकीचा काळ आपण घाईने ओलांडतो. एका बाजूला महाडचे तळे आणि पुणे करार, दुसऱ्या बाजूला घटना. मधले मुंबईचे कायदेकौन्सिल राहून जाते. राज्य शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात या काळातली त्यांची सभागृहातली भाषणे आहेत. तो वाचताना सारखे जाणवते, की हा माणूस सभागृहातही वकिलीच करतो आहे. मात्र वकिली ज्यांच्यासाठी, त्यांना कायद्याकडे दाद मागायची सोयच नव्हती, कारण कायदाच त्यांच्या विरुद्ध होता.

वकिलीची सुरुवात खडतर झाली. 1923 साली सनद घ्यायलाही हाताशी पैसे नव्हते. मित्र नवल भथेना मदतीला आले. अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम द्यायला सॉलिसिटर धजेनात. घर चालवायला बाबासाहेब बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत. 1926 मध्ये ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात जेधे, जवळकर, बागडे प्रभृतींचे अपील त्यांनी पुण्यात जिंकले आणि नाव झाले. पुढच्याच फेब्रुवारीत त्यांनी गव्हर्नरांचे नियुक्त सदस्य म्हणून कौन्सिलात शपथ घेतली.

नियुक्त सदस्याने सरकारच्या मागे हात वर करावा, असे गृहीत असे. बाबासाहेबांनी पहिल्याच अंदाजपत्रकी अधिवेशनात शिक्षणाचा हिशेब मांडला: प्राथमिक शाळेत आलेल्या 100 मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात 18. गिरणीतल्या बाईला बाळंतपणात पगारी रजा मिळावी म्हणून 1928 च्या जुलैत ते बोलले, आणि 1929 साली मुंबई इलाख्यात देशातला पहिला मातृत्व लाभ कायदा झाला.

त्याआधी, 19 मार्च 1928 ला, त्यांनी महार वतनाचे विधेयक आणले. वतन हा शब्द ऐकायला भारदस्त, पण महाराच्या पदरी त्यातून काय येई? सरकारी वसुलीचा भरणा कचेरीत पोचवायचा, निरोप घेऊन गावोगाव धावायचे, साहेब आला की त्याच्या दिमतीला उभे राहायचे. कामाला वेळ नाही, दिवस नाही. वतनदार आजारी किंवा परगावी असला, तर बापाने नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणी जायचे. मोबदल्यात तुकडाभर इनाम जमीन, आणि खळ्यावर जाऊन मागून आणायचे बलुते. गावाशी वाकडे आले की तेही बंद. बाबासाहेबांची मागणी हिशेबी होती. बलुत्याऐवजी रोख पैसे सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून द्यावेत, कामे कोणती ते लिहून ठरवावे, आणि ज्याला सुटायचे असेल त्याने पूर्ण सारा भरून जमीन राखावी व चाकरीतून मोकळे व्हावे. विधेयक चिकित्सा समितीकडे गेले आणि तिथून असे बदलून आले की 1929 मध्ये त्यांनी ते मागे घेतले.

1937 ची निवडणूक त्यांनी मुंबईतून लढवली. काँग्रेसने समोर उभे केले होते थोर क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांना. एकेकाळी ज्यांच्या गोलंदाजीचे कौतुक साऱ्या अस्पृश्य समाजाने केले, त्यांनाच हरवून बाबासाहेब विधानसभेत गेले.

तिथे 17 सप्टेंबरला, पुण्याच्या अधिवेशनात, त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कोकणात ज्यांनी बालपण काढले त्यांना गावचा सारा वसूल करणारा खोत सांगावा लागत नाही. उभ्या भाताची खोताचा माणूस ‘अभावणी’ करी, म्हणजे नजरेने अंदाज बांधी. भाताचा अर्धा वाटा, वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा कुळाने घालायचा. शिवाय वेठ वेगळी. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव याच रत्नागिरी जिल्ह्यातले. तरीही विधेयकात सूड नाही. खोताला भरपाई मिळावी आणि कुळाचे नाते थेट सरकारशी जुळावे, एवढेच त्यात होते. विधेयक रखडले. तेव्हा जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. रीगल सिनेमाजवळची ती इमारत आज राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. मोर्चाचे पुढारी होते विधेयक मांडणारे आमदारच. त्याच वर्षी, रोहमांच्या ठरावाच्या तीनच दिवस आधी, संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ते कामगारांच्या संपातही उतरले होते.

खोती रद्द करणारा कायदा 1949 साली मुंबईत झाला, तेव्हा बाबासाहेब दिल्लीत देशाचे कायदामंत्री होते. महार वतनासह गावची कनिष्ठ वतने नाहीशी करणारा कायदा यायला 1958 साल उजाडले. विधेयक मागे घेतल्याला तेव्हा सुमारे 29 वर्षे झाली होती, आणि ते मांडणाऱ्याला जाऊन वर्ष उलटून गेले होते.