जुनी लावणी म्हणजे नेमकी कोणती?

श्रीपूर आणि अकलूज एकाच माळशिरस तालुक्यातले. १९९० च्या दशकात अकलूजला लावणी स्पर्धा सुरू झाली आणि इकडे श्रीपूरच्या गॅदरिंगांतही 'अस्सल पारंपरिक लावणी' हे शब्द रुळले. त्यातलं पारंपरिक किती, हे तपासायला बसलं की गंमत होते.

बहुतेक मुली जी लावणी बसवतात ती सिनेमाची. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, 'पिंजरा' १९७२ चा. झकास आहेत दोन्ही. पण शाहिरी लावणी त्यांच्या दीडशे वर्षं आधीची.

मग शाहिरांच्या छापील कवनांत मूळ नाच सापडेल, असं वाटतं. नाही सापडत. सोलापूरचा राम जोशी, होनाजी, प्रभाकर यांचे शब्द उरले, पावलं कुणी टिपली नाहीत. इंग्लंडात जॉन प्लेफर्डनं १६५१ मध्ये गावनाचांचं पुस्तक छापलं. चाली दिल्या, कुणी कुणाला ओलांडून जायचं तेही दिलं. तरी पाऊल कसं टाकायचं हे फारसं लिहिलंच नव्हतं. १९११ मध्ये सेसिल शार्पनं ते नाच पुन्हा उभे केले, तेव्हा त्यालाही अंदाजच बांधावे लागले. आपल्याकडे तर तेवढाही कागद नाही.

कागद नसला तरी माणसं होती. लावणी म्हणजे ढोलकीच्या कडकडाटात धावती पावलं, हा समज बैठकीची लावणी पाहिली की गळून पडतो. तिथं कलावंतीण बसूनच अदा करते. एकच ओळ फिरून फिरून येते. पहिल्यांदा नजर बोलते, मग बोटं, मग नुसता पदर. दर फेरीला त्याच शब्दांचा अर्थ वेगळा. पंढरपूरच्या सत्यभामाबाई यात नावाजलेल्या. वाईच्या यमुनाबाई २०१८ पर्यंत हयात होत्या, २०१२ मध्ये पद्मश्रीही मिळाली. नव्या नर्तिकेनं आधी अशा अदाकारीची ध्वनिचित्रमुद्रणं पाहावीत, यूट्यूबवरचे ठेके नंतर.

लावणी बायकांचीच, हेही अर्धंच खरं. बैठकीत कलावंतिणी होत्या, पण तमाशाच्या फडात बाईच्या वेशातला मुलगा, नाच्या पोऱ्या, नाचायचा. फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचं नाव घेतात. त्या शाहीर पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) फडातल्या.

राहिला शृंगार. लावणी म्हणजे नुसता शृंगार, हेही पुरतं खरं नाही. राम जोशी कीर्तनकारही होता, मोरोपंतांच्या आर्या कीर्तनात गायचा. कलगी आणि तुरा या प्रतिस्पर्धी पक्षांच्या फडांत तर रात्रभर एकमेकांना अध्यात्माची कोडी घालत. तिथं नुसत्या ठुमक्यावर भागत नसे, उत्तर द्यावं लागे.