मोलॅसिसची व्हिस्की

बीड जिल्ह्यात ऊस आला तो पाण्यामागून. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, कालव्याखालची शिवारे हिरवी झाली. आज याच भागातला तेलगावचा साखर कारखाना सुंदरराव सोळंके यांच्या नावाने ओळखला जातो. आणि कारखाना म्हटला की डिस्टिलरीचा हिशेब मांडला जातोच.

तो हिशेब असा: टनभर ऊस गाळला की 40-45 किलो मोलॅसिस, म्हणजे मळी, उरते, त्यातून 10-11 लिटर अल्कोहोल निघते. साखरेचे भाव पडले की हेच लिटर एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान दर, भागवायला धावून येतात. यीस्टने आंबवलेल्या द्रवातून अल्कोहोल ज्या उंच स्तंभात वेगळे काढतात, त्याचे पेटंट 1830 मध्ये एनियस कॉफीने घेतले. कॉफी आयर्लंडमध्ये अबकारी खात्यात होता. या धंद्याचे सगळे नशीब अबकारीच्या हाती आहे, हे लक्षात घेता मला ते फारच साजेसे वाटते. लिटरभर अल्कोहोलमागे 8 ते 12 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, उरतो. त्याचा वास आसपासच्या गावांना वेगळा सांगावा लागत नाही.

शुद्ध केलेल्या या अल्कोहोलमध्ये रंग, स्वाद आणि थोडे माल्ट स्पिरिट मिसळले की भारतात ती व्हिस्की होते. युरोपात होत नाही. तिथे व्हिस्की धान्याचीच हवी, आणि स्कॉच तर ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली. आपल्याकडे पैसा तीन वर्षे मुरवत ठेवणे परवडणारे नाही. शिवाय हेच अल्कोहोल इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये मिसळतात, त्यामुळे पेट्रोलही आता गिऱ्हाईक झाले आहे. 2025 मध्ये केंद्राने सी-हेवी, म्हणजे साखर काढून झाल्यावर शेवटी उरणाऱ्या, मोलॅसिसच्या इथेनॉलला लिटरमागे 57.97 रुपये ठरवले; मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्यांचा दर 71.86 होता. त्याआधी 7 डिसेंबर 2023 रोजी एका आदेशाने उसाच्या रसापासूनचे इथेनॉल थांबवले होते. ज्यांनी कर्ज काढून टाक्या बांधल्या, त्यांचे गणित एका दिवसात बदलले.

या साखळीच्या तळाशी बीडचा कोयता, म्हणजे ऊसतोड कामगार, आहे. मुकादमाकडून उचल घेऊन जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथल्या डिस्टिलऱ्यांचे मोलॅसिसही त्यांनीच तोडलेल्या उसाचे असते.

राज्याचा कल मात्र धान्याकडे आहे. 2007 मध्ये धान्यापासूनच्या मद्यार्काला लिटरमागे 10 रुपये अनुदान जाहीर झाले, दारूविरोधी चळवळीतले डॉ. अभय बंग यांनी त्याला कडाडून विरोध केला. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा प्रकार आणला. तो धान्याचाच हवा आणि 180 मिलिलिटरची किमान किंमत 148 रुपये. त्याच निर्णयाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचे शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले. मोलॅसिसची व्हिस्की याच खात्यात मोडते, तेवढ्याच बाटलीला किमान 205 रुपये.